२२ वर्षं सरकारी वकील होते, आता आरोपीचं वकीलपत्र घेते

जुनी_फाईल:

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतेय पण धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या. मी २२ वर्षं सहायक सरकारी अभियोक्ता होते, कोर्टातल्या भाषेत एपीपी. सगळी नोकरी जेएमएफसी म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी कोर्टात, बदल्या धरून ५ तालुके फिरले. घरच्या काही कारणांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि गेल्या दिवाळीनंतर सनदेवर परत प्रॅक्टिस सुरू केली, क्रिमिनलच, फक्त आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला.

पहिल्याच दिवशीचं सांगते. मी हॉलमध्ये गेले, बसले, आणि पैरवी हवालदाराने, म्हणजे कोर्टात पोलिसांचं काम बघणाऱ्या हवालदाराने, नेहमीसारखा त्या दिवसाच्या फायलींचा गठ्ठा माझ्यासमोर आणून ठेवला. आठ वर्षांची ओळख, रोज सकाळी तो गठ्ठा ठेवायचा नी म्हणायचा मॅडम आज तीन साक्षीदार हजर आहेत. ठेवला, आमची नजरानजर झाली, आणि त्याने तो हळूच उचलून पलीकडे नवीन एपीपींकडे सरकवला. काही बोलला नाही बिचारा, मीही नाही. पण त्या दिवशी घरी जाईपर्यंत माझ्या डोक्यातून ते गेलं नाही.

पहिलं वकीलपत्र एका १९ वर्षांच्या मुलाचं, मोटरसायकल चोरी. त्याची आई रात्री साडेदहाला दारात, हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात आधारची झेरॉक्स, रेशनकार्ड आणि मुलाचा दहावीचा दाखला. मला म्हणाली त्याला उद्या काय करणार. आता बघा, २२ वर्षांत माझ्याकडे केस यायची ती शिवलेली, पानांना नंबर घातलेली, चार्जशीट म्हणून. रिमांडला, म्हणजे कोठडीच्या सुनावणीला, आरोपी समोर उभा असायचा पण मी बोलायचे ते तपासी अंमलदाराच्या कागदावरून, तपास बाकी आहे, मुद्देमाल हस्तगत करायचा आहे, पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी मिळावी. दोन मिनिटं. दुसऱ्या दिवशी तीच दोन मिनिटं मी त्या आईच्या शेजारी उभी राहून ऐकली तेव्हा ती किती पटकन संपतात ते कळलं. मी उठून विचारलं की ३ वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे, अटक न करता हजर राहायला सांगणारी कलम ३५(३) ची नोटीस का दिली नाही, अटक कशासाठी. गरज नसताना अटक करू नका सांगणारा सुप्रीम कोर्टाचा अर्नेश कुमारचा निकाल २०१४ चा आहे, मला तो तोंडपाठ होता, मी स्वतः पोलिसांच्या वर्कशॉपमध्ये तो समजावून सांगितलाय. पण रिमांडला माझ्याकडून तो किती वेळा निघाला असेल? फार कमी वेळा, खरं सांगते.

जामीन मंजूर झाला. नोकरीत असताना माझ्यासाठी गोष्ट इथे संपायची, रोजनाम्यावर मंजूर लिहिलं की पुढची फाईल. इथे कळलं की घरच्यांसाठी खरी धावपळ तिथून सुरू होते. जामीनदार हवा, त्याचा सातबारा हवा, सॉल्व्हन्सी म्हणजे ऐपतीचा दाखला हवा, आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईला सातबारावाला माणूस कोण देणार? जामीन होऊनसुद्धा पोरगा ९ दिवस आत होता. शेवटी तात्पुरत्या कॅश बेलचा अर्ज दिला तेव्हा सुटला. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये याच्यावर सूचना दिल्यात, जामीन मिळूनही महिनाभरात बंधपत्र देता आलं नाही तर अटी शिथिल करायच्या का ते कोर्टाने आपणहून बघावं अशा. त्या सूचना मी नोकरीत असतानाच आल्या, वाचून खाली सही करून फायलीला लावल्या होत्या.

मग चार्जशीट आली आणि वाचताना मला त्यात दोन ओळखीची नावं दिसली. पंच. त्याच पोलीस ठाण्याच्या कितीतरी फायलींत हेच दोघं, यांची सरतपासणी, म्हणजे सरकार पक्षाकडून साक्ष, मी स्वतः घेतलेली आहे. जप्तीचा पंचनामा गावापासून ११ किलोमीटरवरच्या शेतातला, सुरू ५ वाजून १० मिनिटांनी आणि संपला ५.४० ला, आणि ठाण्यातला अटक पंचनामा ५.३० चा, पंच तेच. शिवाय १ जुलै २०२४ पासून बीएनएसएस हा फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा लागू आहे, त्याच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करून मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं असतं, ते कुठेच नाही. हे सगळं मला अर्ध्या तासात दिसलं. आणि मग रात्री झोप नाही आली, कारण असं पूर्वी मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. मी तपासी अंमलदाराला सांगायचेही, साहेब पंच बदला, वेळा नीट टाका. पण फाईल परत पाठवून हे खरंच घडलंय का असं विचारलंय मी? दोन-तीनदा विचारलं असेल, २२ वर्षांत.

आता मुद्द्याचं. लोक म्हणतात बाजू बदलली. बार रूममध्ये एकाने तोंडावर सांगितलं की जन्मभर पगार सरकारचा घेतला आणि आता तेच शिकलेलं विकायला बसली. मला ते लागलं. माझं म्हणणं असं आहे की बाजू बदलली पण काम तेच आहे, पुरावा तपासायचा. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम काढून बघा, नियम १५ म्हणतो की आरोपीच्या अपराधाबद्दल स्वतःचं मत काही असो, वकिलाने त्याचा बचाव करावा कारण पुरेशा पुराव्याशिवाय कोणाला शिक्षा होऊ नये. आणि त्याच्या खालचाच नियम १६ सरकारी वकिलासाठी आहे, निर्दोष माणसाला शिक्षा होईल अशा रीतीने काम चालवू नका, आरोपीच्या फायद्याचं काही असेल तर दडवू नका. दोन्ही नियम एकाच पानावर, मी २२ वर्षं खालच्यावर होते आता वरच्यावर आलेय.

पण एक गोष्ट मी पक्की ठरवलीय. नोकरीत असताना ज्या केसला माझा हात लागला ती घ्यायची नाही, मग नुसत्या जामिनाच्या अर्जावर से, म्हणजे सरकार पक्षाचं लेखी म्हणणं, दिलेला असला तरी नाही. फेब्रुवारीत एक गृहस्थ आले, मुलावर ४२० ची जुनी केस, फाईल उघडली तर निशाणी ५ वर माझाच से, माझ्याच अक्षरात, अर्जास तीव्र विरोध आहे. म्हणाले मॅडम तुम्हाला सगळं माहीत आहे म्हणून तर तुमच्याकडे आलो, फी तुम्ही म्हणाल ती. मी फाईल बंद करून परत दिली. मला सगळं माहीत आहे म्हणूनच चालत नाही हो, त्या फिर्यादीने मला विश्वासाने जे सांगितलं ते मी तुमच्या मुलासाठी वापरायचं का? नियम ३३ तसाही सांगतो की एका पक्षासाठी काम केल्यावर त्याच प्रकरणात विरुद्ध बाजूने उभं राहता येत नाही. आता कोणी आलं की आधी ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर सीएनआर म्हणजे केसचा ओळख नंबर टाकून जुने आदेश वाचते, एपीपी म्हणून माझं नाव दिसलं की विषय संपला.

तुमच्यापैकी कोणी हा रस्ता केला असेल, किंवा घरात कोणी असेल, तर लिहा. मला विशेष करून हे विचारायचंय की ज्या फिर्यादींसाठी तुम्ही उभे राहिलात ते आता भेटले तर काय बोलता? मला एक बाई एसटी स्टँडवर भेटल्या, त्यांच्या मारहाणीच्या केसमध्ये मी शिक्षा लावली होती. म्हणाल्या, मॅडम आता तुम्ही त्यांच्याकडून का? मला पटकन उत्तर देता आलं नाही.

कृष्णाकाठ:

जुनी_फाईल ताई, मनापासून लिहिलंत. मी १५ वर्षं बचावाचंच काम करतो, सेशन्सला जास्त. आमच्याकडे अतिरिक्त सरकारी वकील बारमधूनच मुदतीवर नेमतात, मुदत संपली की ते परत बचावाला येतात, त्यामुळे आम्हाला याचं काही वाटत नाही. एपीपी मात्र परीक्षा देऊन कायम नोकरीत येतात म्हणून लोकांना ते टोचतं. एक विचारू का, उलटतपासणीला काय वेगळं वाटलं?

जुनी_फाईल:

हे मी वर लिहायचंच राहिलं. फार वेगळं वाटलं. सरतपासणीत २२ वर्षं गाळलेल्या जागा भरायचं काम केलं, साक्षीदार तारीख विसरला की पुढच्या प्रश्नात हळूच ती आठवण करून द्यायची, क्रम लावायचा, वस्तू ओळखून घ्यायची. उलटतपासात नेमकी तीच सवय आडवी आली. दुसऱ्याच मॅटरमध्ये साक्षीदाराने कबूल केलं की अंधार होता, चेहरा नीट दिसला नाही. तिथे बसायला हवं होतं. मी पुढे विचारलं, मग ओळखलं कसं? तो म्हणाला, बाई याच्या चालीवरून, एक पाय ओढतो हा, आणि अख्ख्या कोर्टाने माझ्या अशिलाच्या पायाकडे बघितलं. सरकार पक्षाची रिकामी जागा माझ्याच प्रश्नाने भरली. त्या माणसाची मी बाहेर येऊन माफी मागितली. तेव्हापासून कागदावर प्रश्न लिहिते आणि जिथे थांबायचं तिथे लाल रेघ मारते.

कृष्णाकाठ:

लाल रेघ आवडली. माझे सीनियर कोटाची बाही ओढायचे मागून. आणि पंचांच्या वेळा तुम्हाला अर्ध्या तासात दिसल्या हे ज्याने हजारो चार्जशीट वाचल्यात त्यालाच जमतं, आमच्या ज्युनियरला मी सांगतो की स्टेटमेंट आधी वाचू नका, आधी सगळ्या पंचनाम्यांच्या वेळा एका कागदावर उतरवा.

खाकी_निवृत्त:

मी पोलीस खात्यातून रिटायर झालो, तपासाची बरीच कामं केली म्हणून दुसरी बाजू सांगतो, राग मानू नका मॅडम. तेच तेच पंच का असतात तर दुसरं कोणी येत नाही. रस्त्यावर माणसाला थांबवा, म्हणतो मला ड्युटी आहे. आलाच तर चार-पाच वर्षांनी समन्स जातं, एक दिवसाची मजुरी बुडते, कोर्टात दिवसभर बाकावर बसायचं आणि संध्याकाळी तारीख पडली म्हणून घरी. पुढच्या वेळी तो आम्हाला बघून गल्ली बदलतो. मोठ्या गुन्ह्यात सरकारी कर्मचारी पंच घेतात पण मोटरसायकल चोरीला कोण देणार? म्हणून ठाण्याजवळचा चहावाला नी पानवाला. याचा अर्थ प्रत्येक जप्ती खोटी असा नाही.

जुनी_फाईल:

खाकी दादा, राग कसला, तुमचं खरं आहे, मी त्या बाकावर बसलेले पंच रोज बघितलेत. प्रत्येक जप्ती खोटी असं मी म्हणत नाहीये. पण खरी असेल तर आता मोबाईलवर तिचं रेकॉर्डिंग करता येतं, ते केलं तर पानवाल्याला चार वर्षांनी काय आठवतं त्याच्यावर केस टांगून राहणार नाही, तुमचाच त्रास कमी होईल. खरं तर एपीपी आणि तपासी अंमलदार यांनी एकमेकांना हे तोंडावर सांगायला हवं. पूर्वी प्रॉसिक्युटर पोलीस खात्याच्याच हाताखाली असायचे, १९९५ ला शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सुप्रीम कोर्टाने ते वेगळं करायला लावलं, ते याचसाठी की वकिलाला नाही म्हणता यावं. कागदावर वेगळे झालो, पण रोज एकाच व्हरांड्यात चहा पिणाऱ्या माणसाला नाही म्हणणं अवघड जातं, मला तरी गेलं.

विधी_तृतीय_वर्ष:

मॅडम एक बेसिक प्रश्न. अशिलाने सांगितलं की मीच केलंय, तर तुम्ही काय करता? आमच्या वर्गात यावर भांडणं होतात. अर्धी मुलं उज्ज्वल निकम यांना बघून लॉला आलीत, त्यांना बचाव म्हणजे कमीपणाच वाटतो.

जुनी_फाईल:

झालंय माझ्याकडे एकदा. मी त्याला सांगितलं की मग तू निर्दोष आहेस असं मी खोटं उभं करणार नाही, खोटा साक्षीदार आणणार नाही, दुसऱ्या कोणावर ढकलणार नाही. पण सरकार पक्षाचा पुरावा पुरा आहे का हे मी बघणार, आणि गुन्हा कबूल करायचा असेल तर शिक्षा कमीत कमी कशी होईल तेही बघणार. त्याने कबुली दिली, पहिलाच गुन्हा होता, प्रोबेशनचा, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडण्याचा, अर्ज केला. १९५८ चा प्रोबेशन कायदा वर्गात दोन ओळीत संपवतात, तो नीट वाच बाळ, खालच्या कोर्टात त्याने आयुष्यं वाचतात.

आणि कमीपणाचं म्हणशील तर २०१० चा ए. एस. मोहम्मद रफी विरुद्ध तमिळनाडूचा निकाल वाच, अमक्याचं वकीलपत्र कोणी घेऊ नये असे बार असोसिएशनचे ठराव बेकायदा आहेत असं त्यात स्पष्ट आहे. कसाबच्या २०१२ च्या निकालातसुद्धा सुप्रीम कोर्टाने हेच बजावलं की आरोपीला पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटसमोर उभं करतील तेव्हाच वकील देणं हे मॅजिस्ट्रेटचं कर्तव्य आहे. ज्या माणसाविरुद्ध अख्खा देश होता त्याच्याच केसमध्ये हे लिहिलं गेलं.

लेस्टरकर:

इंग्लंडमधून लिहितोय, माझी मुलगी इथे बॅरिस्टर आहे. तिच्या चेंबरमध्ये एकच माणूस एका आठवड्यात क्राऊनकडून म्हणजे सरकारकडून आणि पुढच्या आठवड्यात आरोपीकडून उभा राहतो आणि कोणाला त्यात काही वाटत नाही. १९८६ पर्यंत तर इथे बहुतेक केसेस पोलीसच चालवायचे, मग सीपीएस हे सरकारी वकिलांचं वेगळं खातं आलं. शिवाय इथला नियम असा की तुमच्या कामातलं आणि वेळेत बसणारं प्रकरण आलं तर अशील आवडत नाही म्हणून नाकारता येत नाही, टॅक्सीवाल्याने रांगेतलं पुढचं गिऱ्हाईक घ्यायचं तसं. माझा भाचा न्यू जर्सीत आहे, तो सांगतो तिकडे बचावाचे कितीतरी नावाजलेले वकील आधी सरकारी वकीलच होते, फक्त ज्या प्रकरणात स्वतः हात घातला ते घ्यायचं नाही. ताई तुम्ही केलंत तेच.

सेवेतला_एपीपी:

ताई, १७ वर्षं झाली, माझ्याही मनात आहे. पण पैशाचं स्पष्ट सांगा ना. एक तारखेला पगार जमा होण्याची सवय आहे आणि दोन मुलं शिकतायत.

जुनी_फाईल:

मग घाई करू नका असं मोठ्या बहिणीच्या नात्याने सांगते. जुन्या पेन्शन योजनेत २० वर्षं भरली की स्वेच्छानिवृत्तीवर पेन्शन बसतं, आधी राजीनामा दिला तर ते जातं, पण तुम्ही नव्या योजनेत असाल तर तिचे नियम आधी विचारून घ्या. माझे पहिले ४ महिने ऑफिसचं भाडंसुद्धा पेन्शनमधून गेलं. अशील म्हणतात काम झालं की देतो, आणि निकालावर फी ठरवायला आपल्याला मनाई आहे हे तुम्हाला माहीतच आहे, त्यामुळे टप्प्याटप्प्याने घ्या, जामिनाची वेगळी, ट्रायलची वेगळी, पावती द्या. ठाण्यातून कोणी अशील पाठवून त्यात वाटा मागितला तर पहिल्याच दिवशी नाही म्हणा, मला दोघांना म्हणावं लागलं. विधी सेवा प्राधिकरणाची २०२२ पासूनची बचाव वकील योजना पण बघा, पूर्णवेळ मानधनावर गरीब आरोपींचा बचाव, खासगी प्रॅक्टिस करता येत नाही पण महिन्याला पैसे येतात आणि तुमच्यासारख्या अनुभवी माणसांची तिथे फार गरज आहे.

पारिजात:

सगळे एकमेकांना छान म्हणताय म्हणून लिहितेय. माझ्या भावाला पाच जणांनी मारलं, त्याचा एक डोळा गेला. केस ६ वर्षं चालू आहे. त्यांच्या वकिलाने माझ्या भावाला चार तारखा उभं करून एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला, तू दारू प्यायला होतास ना. आमचे सरकारी वकील या काळात तीन बदलले, प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं. आणि आता तुम्ही म्हणताय काम तेच आहे. आमच्यासाठी तेच नाहीये मॅडम. तुमच्यासारखे जाणते लोक तिकडे गेले की आमच्याकडे कोण राहतं?

जुनी_फाईल:

ताई, दोन दिवस तुमचा प्रतिसाद परत परत वाचला. एसटी स्टँडवरच्या बाईंनी हेच विचारलं होतं. तुमचं म्हणणं बरोबर आहे, तुमच्यासाठी ते काम तेच नाही, वर मी ते वाक्य फार सहज लिहून गेले. जखमी माणसाला चार तारखा एकच प्रश्न विचारणं हा बचाव नाही, तो छळ आहे, तिथे सरकारी वकिलाने उठून हरकत घ्यायला हवी होती. मी माझ्या पुरतं इतकंच सांगू शकते की जखमीला मी काय दिसलं, कुठून दिसलं, किती अंतरावरून एवढंच विचारते आणि बसते.

पण तुम्हाला करण्यासारखं आहे ते सांगते कारण हे तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही. फिर्यादीला स्वतःचा खासगी वकील सरकारी वकिलाच्या मदतीला देता येतो, पुरावा संपल्यावर कोर्टाच्या परवानगीने तो लेखी युक्तिवादही देऊ शकतो. एपीपी तीनदा बदलले तरी तो वकील तोच राहतो, प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगायला लागत नाही. लखीमपूर खीरीच्या प्रकरणात एप्रिल २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की पीडिताला तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर ऐकून घेतलं पाहिजे. आरोपी सुटले किंवा कमी कलमात शिक्षा झाली तर सरकारची वाट न बघता तुम्हाला स्वतः अपील करता येतं. भावाच्या डोळ्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र आणि त्या डॉक्टरांची साक्ष झाली आहे का ते आधी बघा, कायमचा डोळा जाणं म्हणजे जबर दुखापत, अशा केसमध्ये नेमकी डॉक्टरांचीच साक्ष मागे राहते. आणि पीडित नुकसानभरपाईचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करा, निकालाआधी अंतरिम मदत मिळू शकते का तेही तिथेच विचारा.

पारिजात:

डॉक्टरांची साक्ष झालेली नाही. दोन वेळा समन्स गेलं, त्यांची बदली झाली म्हणून परत आलं. मदतीला वकील देता येतो हे आम्हाला खरंच कोणी सांगितलं नाही. तुम्ही याल का आमच्याकडून?

जुनी_फाईल:

केस नंबर किंवा गाव इथे उघड्यावर लिहू नका, व्यनि म्हणजे खासगी निरोप करा. सीएनआर नंबर आणि आतापर्यंतचे रोजनामे पाठवा. आधी त्यात माझं नाव कुठे आहे का ते बघते, पाच तालुक्यांतलं एखादं तुमचं असू शकतं. आणि त्या डॉक्टरांच्या नवीन पोस्टिंगचा पत्ता आरोग्य विभागाकडून मिळतो, तो लावून नवीन समन्सचा अर्ज पुढच्या तारखेलाच द्यायला सध्याच्या एपीपींना सांगा, मी त्याचा मसुदा आज रात्री करून पाठवते.